टू की आयएनजी? आधी डावीकडे बघा

पोहायला आवडतं. पोहणं टाळतो. पोहायचं ठरवलं. पोहू शकतो. पोहून पाहिलं. पोहण्यात रस नाही. क्रियापद एकच, रूपं सहा, आणि यातलं कुठलं कधी वापरायचं हे आपल्याला कुणी बसवून शिकवलेलं नाही. तरी 'मी पोहायला शकतो' असं कानावर पडलं की बोलणाऱ्याची भाषा मराठी नाही हे लगेच कळतं. कारण रूप ठरवायचा अधिकार 'पोहणे'कडे नसतोच. तो पुढे येणाऱ्या शब्दाकडे असतो. 'शकतो'ला 'पोहू' लागतं, 'टाळतो'ला 'पोहणं', 'ठरवलं'ला 'पोहायचं'. मराठीत हुकूम उजवीकडून येतो.

इंग्रजीत मुख्य क्रियापद आधी येतं, म्हणून तोच हुकूम डावीकडून येतो. 'टू स्विम' म्हणायचं की 'स्विमिंग', हे 'स्विम'कडे कितीही वेळ टक लावून बघितलं तरी कळणार नाही. त्याच्या डावीकडे कोण बसलंय ते बघावं लागतं. इन्फिनिटिव्ह आणि जेरंड या जोडगोळीचं मर्म माझ्या मते एवढंच, बाकी सगळा तपशील. पण तपशील बराच आहे आणि मराठी माणूस त्यात ठरावीक जागीच अडखळतो. मराठी माध्यमातून शिकून ऑफिसात पहिल्यांदा इंग्रजी मेल लिहिणाऱ्यांचे मसुदे माझ्याकडे तपासायला येतात, आणि मीही त्याच वाटेनं आलो आहे. त्या जागा इथे क्रमानं घेतल्या आहेत. उदाहरणं मोठ्यानं वाचा. नियम विसरला तरी कानाला लागलेली सवय टिकते.

हाताशी काय हवं

- एक लर्नर्स डिक्शनरी. ऑक्सफर्ड, केंब्रिज, लाँगमन, तिन्ही नेटवर फुकट बघता येतात. कुठलीही एक पुरे.
- एक वही.
- तुम्ही स्वतः लिहिलेले दोन-चार जुने मेल किंवा अर्ज. दुसऱ्याच्या वाक्यांवर शिकण्यापेक्षा स्वतःच्या वाक्यांवर जास्त शिकून होतं.

इंग्रजी-मराठी शब्दकोश या कामाला पुरत नाही. 'अव्हॉइड म्हणजे टाळणे' एवढं सांगून तो मोकळा होतो. लर्नर्स डिक्शनरी 'अव्हॉइड डूइंग समथिंग' असा अख्खा साचा देते. केंब्रिजमध्ये तर उदाहरणाच्या आधी 'प्लस आयएनजी व्हर्ब' किंवा 'प्लस टू इन्फिनिटिव्ह' अशी खूणच असते. कोशात असे साचे पद्धतशीर द्यायची कल्पना रुजली ती जपानात. ए. एस. हॉर्न्बी हे इंग्रज शिक्षक तिथे शिकवत होते. इंग्रजांसाठी केलेल्या कोशांत हे साचे सांगायची गरज नव्हती, पण त्यांच्या जपानी विद्यार्थ्यांचं घोडं नेमकं तिथेच अडायचं. हॉर्न्बी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी मिळून परक्यांसाठी कोश केला. तो १९४२ मध्ये टोकियोत निघाला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डनं छापला. ऑक्सफर्डची आजची ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी त्याचीच वंशज आहे. म्हणजे आपली अडचण काही आपल्यापुरती नाही.

१. तीन रूपं वेगळी ओळखा

'टू गो' हा इन्फिनिटिव्ह. 'गोइंग' हा जेरंड. आणि नुसतं 'गो', म्हणजे टू गळून पडलेला इन्फिनिटिव्ह. तिसऱ्याला शाळेत फारसं कुणी विचारत नाही, पण चुका त्याच्याही भरपूर होतात.

आयएनजी दिसलं की जेरंड, असं धरू नका. 'आय ॲम रीडिंग' यातलं रीडिंग म्हणजे साधा चालू काळ. ओळखायची युक्ती सोपी आहे. त्या शब्दाच्या जागी 'इट' घालून बघा. 'आय एन्जॉय रीडिंग' चं 'आय एन्जॉय इट' होतं, म्हणजे तिथे रीडिंग नामाचं काम करतंय, तो जेरंड. 'आय ॲम इट' म्हटलं तर वाक्याचा अर्थच जातो. परीक्षेत आवडीनं विचारतात ती जोडी 'स्लीपिंग बॅग' आणि 'स्लीपिंग चाइल्ड'. मूल स्वतः झोपलेलं असतं. पिशवी झोपत नाही, ती झोपण्याची पिशवी आहे. म्हणून पिशवीतला जेरंड, मुलातला नाही.

नकार असेल तर 'नॉट' या रूपाच्या आधी येतो: 'ही डिसायडेड नॉट टू गो', 'आय रिग्रेट नॉट गोइंग'.

२. डावीकडे प्रीपोझिशन असेल तर डोळे मिटून आयएनजी

इन, ऑफ, अबाउट, विदाउट, बिफोर, आफ्टर, बाय, फॉर, इन्स्टेड ऑफ, डिस्पाइट. यांच्यापैकी कुणी डावीकडे असेल तर उजवीकडे जेरंड येतो. 'ही लेफ्ट विदाउट टेलिंग मी.' 'वॉश युअर हँड्स बिफोर ईटिंग.' 'शी इज गुड ॲट ड्रॉइंग.' इंग्रजीत इतका भरवशाचा नियम क्वचित सापडतो. तुरळक अपवाद 'बट' चा: 'ही डिड नथिंग बट क्राय', रडण्यापलीकडे काही केलं नाही. एवढा लक्षात ठेवला की झालं.

मराठी माणसाचा पाय घसरतो तो 'साठी' वरून. 'मी पुण्याला शिकण्यासाठी आलो' हे मनात जुळतं, 'साठी' ला 'फॉर' आठवतो, आणि कागदावर उतरतं 'आय केम टू पुणे फॉर स्टडिंग'. कधी त्याहून पुढे जाऊन 'फॉर टू स्टडी'. माणूस कशासाठी आला, गेला, थांबला, हे सांगायचं असेल तर 'फॉर' नको, सरळ टू: 'आय केम टू पुणे टू स्टडी.' 'आय वेंट टू द बँक टू ओपन ॲन अकाउंट.'

मग 'फॉर' आणि जेरंड एकत्र कुठे येतात? दोन ठिकाणी. वस्तू कशाच्या कामाची आहे हे सांगताना: 'धिस नाइफ इज फॉर कटिंग ब्रेड.' आणि जे घडलं त्याबद्दल आभार, माफी, शिक्षा, कौतुक करताना: 'थँक यू फॉर कमिंग', 'ही वॉज फाइन्ड फॉर पार्किंग हिअर'. मराठीत दुसऱ्या जागी आपण 'साठी' म्हणत नाही, 'बद्दल' म्हणतो. म्हणून ताळा असा करा: मनातला शब्द 'बद्दल' असेल तर फॉर आणि आयएनजी, हेतूचा 'साठी' असेल तर टू.

३. दोन 'टू' आहेत हे विसरू नका

ऑफिसच्या मेलात सगळ्यात जास्त दिसणारी चूक ही: 'आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू.' लिहिणाऱ्याचा तर्क चुकीचा नसतो. टू आला, पुढे क्रियापदाचं मूळ रूप. शाळेत हेच तर सांगितलं होतं. पण हा टू इन्फिनिटिव्हचा नाही. हा प्रीपोझिशन आहे, 'कडे' वाला, आणि त्याला दुसऱ्या पायरीचा नियम लागतो. बरोबर वाक्य: 'आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू.'

टू कुठला हे ओळखायला त्याच्यापुढे एखादं साधं नाम ठेवून बघा. 'आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू युअर लेटर' हे चालतं, म्हणजे तो प्रीपोझिशन, आयएनजी लावा. 'आय वाँट टू युअर लेटर' चालत नाही, म्हणजे तो इन्फिनिटिव्हचा.

या परीक्षेत प्रीपोझिशन ठरणारे नेहमीचे प्रकार वहीत उतरवून ठेवा:

- लुक फॉरवर्ड टू
- ऑब्जेक्ट टू (हरकत घेणे): 'आय ऑब्जेक्ट टू पेइंग ट्वाइस'
- बी कमिटेड टू
- विथ अ व्ह्यू टू, हा सरकारी आणि कंपनीच्या पत्रांचा लाडका: 'विथ अ व्ह्यू टू इम्प्रूव्हिंग द सर्व्हिस'
- इन ॲडिशन टू, प्रायर टू
- व्हेन इट कम्स टू
- प्रिफर मधला दुसरा भाग: 'आय प्रिफर वॉकिंग टू ड्रायव्हिंग'

आणि सगळ्यात घोळ घालणारा 'यूज्ड टू'. 'आय यूज्ड टू लिव्ह इन नाशिक' म्हणजे मी पूर्वी नाशिकला राहायचो, आता नाही. 'आय ॲम यूज्ड टू लिव्हिंग अलोन' म्हणजे मला एकटं राहायची सवय आहे. मध्ये 'ॲम', 'इज', 'गॉट' यांपैकी काही आलं की अर्थ सवयीचा होतो आणि टू प्रीपोझिशन होतो. मुलाखतीत 'आय ॲम यूज्ड टू वर्क अंडर प्रेशर' हे वाक्य हमखास ऐकू येतं. तिथे 'वर्किंग' हवं.

४. डावीकडे क्रियापद असेल तर ते काय मागतं ते पाठ करा

इथे पाठांतराला पर्याय नाही. मात्र पाठ करताना सुटा शब्द करू नका, जोडी करा. 'एन्जॉय' असं नाही, 'एन्जॉय डूइंग'. 'डिसाइड' असं नाही, 'डिसाइड टू डू'. वहीत दोन रकाने करा आणि अशा जोड्याच लिहा.

टू मागणारी रोजच्या वापरातली: वाँट, होप, प्लॅन, डिसाइड, अग्री, प्रॉमिस, रिफ्यूज, ऑफर, एक्स्पेक्ट, मॅनेज, फेल, अफोर्ड, लर्न, सीम.

आयएनजी मागणारी: एन्जॉय, फिनिश, अव्हॉइड, माइंड, मिस, कीप, गिव्ह अप, प्रॅक्टिस, ॲडमिट, डिनाय, कन्सिडर, इमॅजिन, सजेस्ट, रिस्क, पोस्टपोन, कान्ट हेल्प.

दोन्ही यादींकडे बघितलं तर एक कल दिसतो. टू वाल्या यादीत बरीच कामं अजून व्हायची आहेत: हवंय, आशा आहे, ठरवलंय, कबूल केलंय. आयएनजी वाल्या यादीत बरीच कामं झालेली किंवा चालू आहेत: मजा घेतली, संपवलं, कबुली दिली, सोडून दिलं. याला कारणही आहे. हजारएक वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत इन्फिनिटिव्हचा टू हा मुळात दिशा दाखवणारा 'कडे' च होता, त्यामुळे पुढे बघायची खोड त्याच्यात राहून गेली. पण या कलावर विसंबून परीक्षेला बसू नका. 'सजेस्ट', 'कन्सिडर', 'पोस्टपोन' या तिघांतली कामंही पुढेच व्हायची असतात, तरी ते आयएनजी मागतात. कल फक्त अडल्यावेळी अंदाज बांधायला.

आयएनजी वाल्यांपैकी मराठी तोंडातून हमखास चुकतात ते 'प्रॅक्टिस' आणि 'फिनिश'. 'बोलायचा सराव' म्हणून 'प्रॅक्टिस टू स्पीक' होतं, हवं 'प्रॅक्टिस स्पीकिंग'. आणि 'माइंड' बद्दल एक सूचना. 'वुड यू माइंड ओपनिंग द विंडो?' असं कुणी विचारलं आणि तुम्ही खिडकी उघडायला तयार असाल, तर उत्तर 'यस' नाही, 'नॉट ॲट ऑल' असं द्यायचं. प्रश्न 'हरकत आहे का' असा आहे.

५. मध्ये माणूस आला की चित्र बदलतं

'ही ॲडव्हाइज्ड वेटिंग' आणि 'ही ॲडव्हाइज्ड मी टू वेट', दोन्ही बरोबर. 'दे डोन्ट अलाऊ पार्किंग हिअर' आणि 'दे डोन्ट अलाऊ अस टू पार्क हिअर', हेही. क्रियापद तेच, पण कुणाला सल्ला, कुणाला परवानगी हे मध्ये आलं की पुढे टू येतो. टेल, आस्क, रिक्वेस्ट, इन्व्हाइट, फोर्स, वॉर्न, एन्करेज, ही सगळी माणूस घेऊन टू मागतात.

'वाँट' चा सापळा वेगळा आहे. 'तू यावंस असं मला वाटतं' हे मराठी वाक्य डोक्यात असतं, म्हणून 'आय वाँट दॅट यू शुड कम' तयार होतं. इंग्रजीत 'आय वाँट यू टू कम', बस.

आणि आता 'सजेस्ट'. आपल्याकडच्या इंग्रजीत 'ही सजेस्टेड मी टू टेक लीव्ह' इतकं रुळलंय की तुमच्या साहेबांनाही ते खटकणार नाही. तरीही प्रमाण इंग्रजीत ते बसत नाही, आणि आयईएलटीएससारख्या परीक्षेत ते चूकच धरलं जाईल. 'सजेस्ट' ला असा मध्ये माणूस चालत नाही. 'ही सजेस्टेड टेकिंग लीव्ह' म्हणा, किंवा 'ही सजेस्टेड दॅट आय टेक लीव्ह'. माणूस घालायचाच असेल तर 'ॲडव्हाइज्ड मी टू' आहेच.

उलट्या बाजूनं 'प्रिव्हेंट' आणि 'स्टॉप'. एखाद्याला करण्यापासून रोखलं, तर 'फ्रॉम' येतो आणि मग अर्थातच आयएनजी: 'द रेन प्रिव्हेंटेड अस फ्रॉम गोइंग.'

६. दोन्ही चालतात, पण अर्थ फिरतो

पुस्तकं इथे घाबरवतात. मला मात्र मराठी माणसासाठी हा भाग सगळ्यात सोपा वाटतो, कारण हे भेद आपल्या भाषेत आधीपासून आहेत. फक्त मराठी वाक्य नीट ऐकायचं.

'रिमेंबर' आणि 'फर्गेट'. आधी आठवण, मग काम, असा क्रम असेल तर टू. आधी काम, मग आठवण, असेल तर आयएनजी. मराठीत दुसऱ्या अर्थाला 'ल्याचं' येतं, तीच खूण धरा. 'कुलूप लावायला विसरलो' म्हणजे 'आय फरगॉट टू लॉक द डोअर'. 'कुलूप लावल्याचं आठवतंय' म्हणजे 'आय रिमेंबर लॉकिंग द डोअर'. 'आठवणीनं फोन कर' म्हणजे 'रिमेंबर टू कॉल'. कोकणात जाणाऱ्या गाडीत बसल्यावर होणारी सगळी चर्चा या दोन वाक्यांत मावते.

'स्टॉप'. 'थांबणे' आणि 'थांबवणे' हा फरक आपल्याकडे आहेच. 'आम्ही चहा प्यायला थांबलो': 'वी स्टॉप्ड टू ड्रिंक टी.' 'आम्ही चहा पिणं थांबवलं': 'वी स्टॉप्ड ड्रिंकिंग टी.' थांबलो असेल तर टू, थांबवलं किंवा सोडलं असेल तर आयएनजी. डॉक्टरांना 'आय स्टॉप्ड टू स्मोक' सांगितलंत तर तुम्ही वाटेत सिगारेट ओढायला थांबला होता असा त्यांचा समज होईल.

'ट्राय'. इथे मराठीचं 'करून पाहणे' कामाला येतं. 'खिडकी उघडायचा प्रयत्न केला' (उघडली की नाही देव जाणे): 'आय ट्राइड टू ओपन द विंडो.' 'खिडकी उघडून पाहिली' (उघडली, पण उकाडा तसाच): 'आय ट्राइड ओपनिंग द विंडो.' कॉम्प्युटर अडला की आयटीवाले देतात तो सल्ला 'बंद करून परत चालू करून बघा' असा असतो, म्हणून इंग्रजीतही 'ट्राय टर्निंग इट ऑफ अँड ऑन'.

'रिग्रेट'. 'कळवण्यास खेद होतो' ही भाषा पत्रांची, तिथे टू: 'वी रिग्रेट टू इन्फॉर्म यू.' 'सांगितल्याचा पश्चात्ताप होतोय' यात पुन्हा 'ल्याचा' आला, म्हणजे आयएनजी: 'आय रिग्रेट टेलिंग हिम.'

'गो ऑन'. 'ती बोलतच राहिली': 'शी वेंट ऑन टॉकिंग.' 'ती पुढे जाऊन डॉक्टर झाली': 'शी वेंट ऑन टू बिकम अ डॉक्टर.'

'मीन'. 'तुला दुखवायचा हेतू नव्हता': 'आय डिडन्ट मीन टू हर्ट यू.' 'ही नोकरी घेणं म्हणजे मुंबईला जाणं': 'टेकिंग धिस जॉब मीन्स मूव्हिंग टू मुंबई.' मराठीत 'म्हणजे' आलं की आयएनजी.

'नीड' जरा निराळा. माणसाला काही करायची गरज असेल तर टू: 'आय नीड टू वॉश धिस शर्ट.' पण कर्ता शर्ट असेल तर 'द शर्ट नीड्स वॉशिंग', शर्ट धुवायला हवा. शर्ट स्वतः धुणार नाही, तरी इंग्रजीला हे चालतं.

स्टार्ट, बिगिन, कंटिन्यू यांत दोन्ही रूपांनी अर्थात फरक पडत नाही. लाइक, लव्ह, हेट यांत पडतो तो इतका बारीक की सुरुवातीला सोडून द्या. एवढं मात्र पाळा: 'वुड लाइक' च्या पुढे कायम टू. 'आय वुड लाइक जॉइनिंग' नको, 'आय वुड लाइक टू जॉइन'.

७. काही शब्दांना नुसतंच रूप लागतं

कॅन, कुड, विल, वुड, शुड, मे, माइट, मस्ट यांच्यापुढे ना टू, ना आयएनजी. 'मस्ट टू गो' नाही, 'मस्ट गो'. 'कॅन एबल टू' हा दोन वाक्यांचा अपघात आहे: एक तर 'कॅन डू' म्हणा, नाही तर 'ॲम एबल टू डू'.

'डिड' पण याच पंगतीतला. 'डिड यू वेंट?' मध्ये भूतकाळ दोनदा आला. 'डिड' नं तो घेतला की पुढचं क्रियापद मूळ रूपात: 'डिड यू गो?'

'लेट' आणि 'मेक' माणूस घेऊनही टू घेत नाहीत, पाचव्या पायरीचे हे बंडखोर. 'लेट मी नो.' 'ही मेड मी वेट.' गंमत अशी की वाक्य कर्मणी केलं की 'मेक' ला टू परत मिळतो: 'आय वॉज मेड टू वेट.' व्हॉइस बदलायच्या प्रश्नात गुण जातात ते इथे. 'हेल्प' ला दोन्ही चालतात: 'हेल्प मी फिल द फॉर्म', 'हेल्प मी टू फिल द फॉर्म'.

'सी' आणि 'हिअर' यांना नुसतं रूप किंवा आयएनजी. 'आय सॉ हिम क्रॉस द रोड' म्हणजे तो रस्ता ओलांडून पलीकडे गेला, ते सगळं पाहिलं. 'आय सॉ हिम क्रॉसिंग द रोड' म्हणजे ओलांडताना पाहिला, पुढचं माहीत नाही. आपला 'ताना' इथे जसाच्या तसा बसतो.

८. डावीकडे विशेषण किंवा नाम

विशेषणानंतर बहुतेक वेळा टू: इझी टू लर्न, हॅपी टू हेल्प, रेडी टू लीव्ह. पण विशेषणाला चिकटून प्रीपोझिशन येत असेल तर दुसरी पायरी लागू. म्हणून एकाच अर्थाचे दोन शब्द दोन वाटांनी जातात: 'एबल टू डू', पण 'केपेबल ऑफ डूइंग'. बायोडेटात 'इंटरेस्टेड टू वर्क' लिहू नका, 'इंटरेस्टेड इन वर्किंग' लिहा. 'बिझी' आणि 'वर्थ' यांना थेट आयएनजी: 'बिझी कुकिंग', 'वर्थ रीडिंग'.

नामांचंही तसंच. डिसिजन टू, प्लॅन टू, राइट टू, अपॉर्च्युनिटी टू. पण हॅबिट ऑफ डूइंग, आयडिया ऑफ डूइंग, आणि डिफिकल्टी किंवा ट्रबल असेल तर 'हॅव डिफिकल्टी फाइंडिंग'. 'इट्स नो यूज' आणि 'देअर इज नो पॉइंट' यांनाही आयएनजी.

बारावीच्या 'डू ॲज डायरेक्टेड' साठी एक गोष्ट. 'द टी इज सो हॉट दॅट आय कॅनॉट ड्रिंक इट' याचं 'टू… टू' मध्ये रूपांतर करताना शेवटचा 'इट' काढायचा असतो. 'द टी इज टू हॉट फॉर मी टू ड्रिंक.' पहिला 'टू' म्हणजे फार, स्पेलिंगात दोन ओ. दुसरा इन्फिनिटिव्हचा, एक ओ. शेवटी 'इट' ठेवला तर तोच चहा वाक्यात दोनदा येतो.

९. डावीकडे कुणीच नसेल तर

वाक्याच्या सुरुवातीला हुकूम द्यायला कोणी नसतं. कर्ता म्हणून क्रिया आणायची असेल तर जेरंड घ्या: 'वॉकिंग इज गुड फॉर हेल्थ.' 'टू वॉक इज गुड' व्याकरणात बसतं, पण भाषणबाजीसारखं वाटतं. त्यापेक्षा 'इट इज गुड टू वॉक' बरं. टू नं वाक्य सुरू होतं ते सहसा हेतू सांगायला: 'टू ओपन ॲन अकाउंट, फिल धिस फॉर्म.'

एक बारीक सापळा: 'रीडिंग ओल्ड लेटर्स मेक्स मी सॅड.' लेटर्स अनेक असली तरी कर्ता रीडिंग आहे आणि तो एकवचनी. म्हणून 'मेक' नाही, 'मेक्स'.

१०. आता स्वतःचा मेल काढा

प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारा आणि डावीकडच्या शब्दाभोवती गोल करा. सरावाला हा एक मेल देतो, मला भेटणाऱ्या मसुद्यांच्या धर्तीवर रचलेला:

'आय ॲम रायटिंग फॉर इन्फॉर्मिंग यू दॅट आय कॅनॉट टू अटेंड द ट्रेनिंग. माय डॉक्टर सजेस्टेड मी टू टेक रेस्ट. आय विल ट्राय टू फिनिश टू राइट द रिपोर्ट बिफोर टू गो ऑन लीव्ह. आय रिक्वेस्ट यू फॉर ग्रँटिंग मी लीव्ह. आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू.'

खाली बघण्याआधी स्वतः दुरुस्त करा.

पहिल्या वाक्यात 'फॉर' हेतूचा आहे, म्हणून 'रायटिंग टू इन्फॉर्म यू'. 'कॅनॉट' पुढे नुसतं 'अटेंड'. दुसऱ्यात 'ॲडव्हाइज्ड मी टू टेक रेस्ट'. तिसरं वाक्य सावकाश बघा, ती एक साखळी आहे. 'विल' नं नुसतं 'ट्राय' मागितलं, 'ट्राय' नं 'टू फिनिश', 'फिनिश' नं 'रायटिंग', 'बिफोर' नं 'गोइंग': 'आय विल ट्राय टू फिनिश रायटिंग द रिपोर्ट बिफोर गोइंग ऑन लीव्ह.' चार हुकूम, प्रत्येक आपल्या उजवीकडच्यावर. असं वाक्य एकदा हाताखालून गेलं की बाकी मेल तपासणं हलकं होतं. चौथ्यात 'रिक्वेस्ट यू टू ग्रँट', माणूस मध्ये आला म्हणून. पाचव्यात 'टू हिअरिंग', कारण तो 'कडे' वाला टू.

मेल पाठवा. उत्तर 'वी रिग्रेट टू इन्फॉर्म यू' असं सुरू झालं, तर साहेबांचं व्याकरण अचूक आहे, रजा मात्र मंजूर झालेली नाही.